सुलह कुणाची, माफी कुणाची?

भांडण मिटले म्हणजे न्याय झाला का? हा प्रश्न वरवर सोपा वाटतो. आपल्या मोहल्ल्यात, जमातीत, खानदानात एखादा तंटा उभा राहिला की चार वडीलधारी माणसे बसतात, दोन्ही बाजूंना थोडे रागावतात, थोडे समजावतात, शेवटी सलाम-मुसाफा होतो, चहा येतो आणि 'मिटले एकदाचे' म्हणून सगळे घरी जातात. कोर्टकचेरी टळली, पोलीस दारात आले नाहीत, खानदानाची इज्जत राहिली. एवढ्यावर आपण समाधानी असतो. परंतु त्या बैठकीतून उठताना ज्याच्यावर अन्याय झाला होता त्याच्या मनात काय होते, हे विचारण्याची पद्धत आपल्यात फारशी नाही. या लेखात आम्हाला नेमके तेच विचारायचे आहे.

हा प्रश्न आम्ही पळस्पे आणि त्याच्या आसपासच्या गावांच्या संदर्भात मांडत आहोत, त्याला कारण आहे. पनवेल ओलांडले की पळस्पे फाट्यावर रस्ता दुभंगतो. एक रस्ता पुण्याकडे घाट चढायला जातो, दुसरा कर्नाळ्याच्या पायथ्याने कोकणात उतरतो. या दुसऱ्या रस्त्याने, म्हणजे पूर्वीच्या १७ आणि आताच्या ६६ क्रमांकाच्या महामार्गाने, कोकणातल्या कितीतरी मुस्लिम कुटुंबांना मुंबईला नेले आणि तिथून आखातात पोहोचवले. पळस्पे ते इंदापूर या सुमारे ८४ किलोमीटरच्या चौपदरीकरणाचे काम २०११ साली सुरू झाले आणि वर्षानुवर्षे रखडले. २०१३ साली विमानतळाच्या परिसरातली गावे सिडकोच्या 'नैना' क्षेत्रात आली. २०२५ साली नवी मुंबईच्या विमानतळाचे उद्घाटन झाले. या सगळ्याचा परिणाम एकच. ज्या जमिनीत भात आणि वाल पिकत होता, तिचा भाव गुंठ्यावर आला. सातबाऱ्यावर कुणाचे नाव आहे आणि कुणाचे नाही, हा प्रश्न भाकरीपेक्षा मोठा झाला. मोबदल्याच्या वाटणीवरून वाद उभा राहिला की रक्कम कोर्टात जाऊन पडते, आणि ती सुटेपर्यंत भावाभावांचे बोलणे बंद झालेले असते. ईदच्या नमाजला एका सफीत उभे राहणारे सख्खे भाऊ सलाम फेरल्यावर एकमेकांना टाळून निघून जातात. असे चित्र ज्याने पाहिले नाही असा वाचक या पट्ट्यात सापडणे कठीण.

अशा वेळी सुलह कशी होते ते पाहू. समजा, बाप गेल्यावर दोन भाऊ आणि एक बहीण मागे राहिले. भावांची मोबदल्यावरून जुंपली. जमातीतले मातब्बर लोक मध्ये पडले. त्यांनी दोघांना निम्मे-निम्मे दिले आणि बहिणीला सांगितले, 'बाई, तुझे सासर चांगले आहे. भाऊ एक होताहेत, तू हक्कसोड पत्रावर सही कर. माहेरचा दरवाजा उघडा राहील.' बहीण सही करते. सगळे म्हणतात, किती मोठ्या मनाची! पण तिला नकार देण्याची मुभा होती का? सही केली नसती तर माहेरचा दरवाजा बंद झाला असता, हे तिला सुचवले गेले होते. ज्या माफीला नकाराचा पर्याय नाही ती माफी नव्हे, ती वसुली होय. भावांचे भांडण मिटले हे खरे, पण त्याची किंमत बैठकीत नसलेल्या माणसाने चुकवली.

आमचे म्हणणे असे की ही पद्धत आपल्या दीनच्या शिकवणुकीलाही धरून नाही. आपले उलेमा हुकूकुल्लाह आणि हुकूकुल इबाद असा फरक करतात. अल्लाहचा हक चुकवला तर तौबा करता येते, त्याची रहमत अमर्याद आहे. पण बंद्याचा हक मारला असेल तर नुसत्या तौबेने भागत नाही. ज्याचा हक मारला त्याला तो परत करावा लागतो किंवा त्याच्याकडून मनापासून माफ करून घ्यावा लागतो. हज करून आलेल्या माणसाच्या मानेवरसुद्धा हे ओझे राहते. याचा अर्थ नीट लक्षात घेतला पाहिजे. माफ करण्याचा अधिकार ज्याला इजा झाली त्याचा आहे. तो जमातीचा नाही, मुतवल्लीचा नाही, मोठ्या भावाचाही नाही. किसासच्या बाबतीतही कुरआनने बदला, भरपाई आणि माफी असे मार्ग ठेवले, माफीला अधिक पसंती दिली, पण निवड वारसांच्या हाती ठेवली. सूरह निसामध्ये नवरा-बायकोच्या वादात दोन्ही घरांतून एकेक हकम नेमायला सांगितले आहे. एकाच घरचे दोन नव्हेत. जी बाजू कमकुवत आहे तिच्या वतीने बोलणारा माणूस बैठकीत असलाच पाहिजे, हा त्यामागचा विचार दिसतो.

प्रेषितांच्या (स.) चरित्रातला हजरे-अस्वदचा प्रसंग आपण मुलांना सांगतो. काबाची डागडुजी झाल्यावर तो दगड कुणी बसवायचा यावरून कुरैशांच्या घराण्यांत तलवारी उपसण्याची वेळ आली होती. प्रेषितांनी तेव्हा एक चादर अंथरली, दगड तिच्यावर ठेवला आणि प्रत्येक घराण्याच्या माणसाला चादर धरायला लावली. आपण ही गोष्ट हुशारीची म्हणून सांगतो. पण तिच्यातली खरी गोष्ट अशी की चादरीचे टोक प्रत्येकाच्या हातात आले. कुणी श्रेष्ठ ठरला नाही की कुणी वगळलाही गेला नाही. आपल्या तंट्यांच्या बैठकीत चादरीचे टोक किती जणांच्या हातात येते, हा हिशेब आपण मांडला पाहिजे.

हाच विचार आज जगात वेगळ्या नावाने पुढे आला आहे. नॉर्वेचे गुन्हेशास्त्रज्ञ नील्स क्रिस्ती यांनी १९७७ साली असे मांडले की भांडण ही भांडणाऱ्यांची मालमत्ता असते आणि सरकार व वकील मंडळी ती त्यांच्याकडून काढून घेतात. ज्याचे नुकसान झाले तो कोर्टात नुसता साक्षीदार उरतो. त्याआधी, १९७४ साली, कॅनडातल्या एल्मिरा या गावात दोन तरुणांनी दारूच्या नशेत एका रात्रीत बावीस ठिकाणी नासधूस केली होती. त्यांना नुसती शिक्षा देण्याऐवजी त्यांच्यावर देखरेख ठेवणाऱ्या अधिकाऱ्याने त्यांना घरोघर नेले. नुकसान झालेल्या माणसांना समोरासमोर भेटून, त्यांचे ऐकून घेऊन त्यांनी भरपाई केली. न्यूझीलंडने १९८९ साली कायदा करून मुलांच्या गुन्ह्यांत कुटुंबाची बैठक घेण्याची पद्धत आणली. तिच्यामागे तिथल्या माओरी लोकांची परंपरा होती. या पद्धतीत विचारले जाणारे प्रश्न अगदी साधे असतात. इजा कुणाला झाली? त्याला आता काय हवे आहे? ते देण्याची जबाबदारी कुणाची? आपली नेहमीची पंचायत विचारते की चूक कुणाची आणि दंड किती. दोन्ही वाटा किती वेगळ्या आहेत हे सांगायला नको.

महाराष्ट्रात असे प्रयत्न झालेच नाहीत असे नाही. तत्कालीन गृहमंत्री आर. आर. पाटील यांच्या पुढाकाराने १५ ऑगस्ट २००७ पासून महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. गावोगाव समित्या नेमल्या गेल्या. दिवाणी, महसुली आणि कायद्याने तडजोडीला परवानगी असलेले फौजदारी वाद गावातच सामोपचाराने मिटवायचे, आणि चांगले काम करणाऱ्या गावाला सरकारने पुरस्कार द्यायचा, अशी योजना होती. तिच्यामुळे अनेक बांधाचे वाद कोर्टात वर्षानुवर्षे कुजण्याऐवजी गावातच सुटले, हे श्रेय तिला दिलेच पाहिजे. पण जिथे पुरस्कार असतो तिथे आकड्यांची घाईही येते. किती तंटे मिटले हे मोजता येते, कसे मिटले हे मोजता येत नाही. समिती गावातल्या वजनदार माणसांचीच असेल तर दुबळ्याने गप्प बसणे हाही तंटा मिटल्याचा पुरावा धरला जातो.

गावकीचे दुसरे टोक आपल्या रायगड जिल्ह्याने फार जवळून पाहिले आहे. पंचायतीचा निर्णय मानला नाही म्हणून कुटुंबाला वाळीत टाकण्याची प्रकरणे या जिल्ह्यातून वारंवार उजेडात आली. अखेर महाराष्ट्र विधिमंडळाने २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा मंजूर केला आणि तो २०१७ साली लागू झाला. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. ही फक्त इतर जातींची गोष्ट आहे असे समजून आपण नामानिराळे राहू नये. लग्नाला न जाणे, मय्यतीला खांदा न देणे, कब्रस्तानात जागा नाकारण्याची धमकी देणे ही हत्यारे आपल्याकडेही वापरली गेली आहेत. दाऊदी बोहरा समाजातील सुधारकांना बहिष्काराविरुद्ध किती झगडावे लागले हे असगर अली इंजिनिअर यांच्या आयुष्यावरून कळते. बहिष्काराच्या भीतीने झालेली सुलह ही हिंसेचाच एक प्रकार होय. तिच्यात लाठी दिसत नाही, इतकेच.

आता भिवंडीचे उदाहरण घेऊ, कारण आपल्या राज्यातला या विषयाचा सर्वांत मोठा धडा तिथे आहे. १९७० आणि १९८४ अशा दोन भीषण दंगली या शहराने सोसल्या. १९८८ साली सुरेश खोपडे हे पोलीस उपायुक्त म्हणून तिथे आले. त्यांनी मोहल्ला समित्या बांधल्या. शांतता समितीवर नेहमी दिसणारे तेच ते पुढारी न घेता त्यांनी सामान्य हिंदू-मुसलमानांना एकत्र बसवले. आणि बसवले ते एकतेवर भाषणे ऐकायला नव्हे. पोरांची भांडणे, नळाचे पाणी, गटार, हातगाडीची जागा असल्या बारीकसारीक कुरबुरींवर तिथे बोलणे होई. पोलीस शिपाई त्या बैठकीत बसे. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई जळत होती. श्रीकृष्ण आयोगाच्या नोंदीप्रमाणे त्या दोन महिन्यांत ९०० माणसे मारली गेली. त्या काळात हाकेच्या अंतरावरची भिवंडी शांत राहिली. पुढे मुंबईतही याच धर्तीवर मोहल्ला कमिट्यांची चळवळ उभी राहिली. ज्युलिओ रिबेरो, सतीश सहानी, सुशोभा बर्वे यांच्यासारख्यांनी ती चालवली.

पण भिवंडीचा धडा इथे संपत नाही. जुलै २००६ मध्ये कब्रस्तानालगतच्या जागेवर पोलीस ठाणे बांधण्यावरून त्याच शहरात उद्रेक झाला. पोलिसांच्या गोळीबारात दोघे मरण पावले आणि जमावाने दोन पोलीस शिपायांना ठार मारले. चौघेही कुणाची तरी मुले होती. विश्वास बँकेत ठेवता येत नाही. तो रोज कमवावा आणि रोज खर्चावा लागतो. बैठका थांबल्या की तोही आटतो. म्हणूनच शांततेचे शिक्षण हा दंगलीनंतरचा उपचार नसून मुलाला वजू शिकवावी तशी रोजची सवय आहे, असे आम्ही म्हणतो.

इथे एक रास्त आक्षेप येतो. आपला समाज आधीच दबलेला आहे, त्याला पुन्हा सामोपचार आणि माफी शिकवायची म्हणजे जखमेवर मीठ चोळणे नव्हे काय? हा आक्षेप आम्ही हलका मानत नाही. २००२ च्या गुजरातमधील हिंसेनंतर काही गावांत विस्थापित मुसलमानांना परत यायचे असेल तर पोलिसांतल्या तक्रारी मागे घ्या, अशी अट घातली गेल्याचे त्या काळच्या अहवालांत नोंदलेले आहे. त्यालाही 'समझोता' असेच नाव होते. तो आपल्याला का टोचतो? कारण तिथे गुन्हा कबूल न करता माफी मागितली जात होती. खरे सांगायचे तर माफी मागितलीच जात नव्हती, ती वसूल केली जात होती. आपले मन लगेच म्हणते, आधी सत्य कबूल करा, नुकसान भरून द्या, आम्हाला निर्भयपणे राहू द्या, मग माफीचे आमचे आम्ही पाहू. हे म्हणणे शंभर टक्के बरोबर आहे.

मग हेच म्हणणे आपल्या घरातल्या बहिणीचे असेल तर? तलाक देऊन माहेरी धाडलेल्या बाईचे असेल तर? जमातीतल्या एखाद्या गरीब भाडेकरूचे असेल तर? बहुसंख्याकांकडून जो खोटा समझोता आपण नाकारतो, तोच आपल्यातल्या दुबळ्यांवर आपण लादतो. दोन्हीकडे भाषा तीच असते. झाले गेले विसरा, गावात राहायचे आहे ना, इज्जतीचा प्रश्न आहे. न्यायाची मागणी बाहेर करायची आणि आत सबुरीचा उपदेश द्यायचा, या दुटप्पीपणातून आपण बाहेर पडलो नाही तर आपल्या मागणीचेही वजन कमी होते.

अहिंसा म्हणजे दुबळ्याची मजबुरी, ही समजूतही काढून टाकली पाहिजे. खान अब्दुल गफ्फार खान यांनी १९२९ साली खुदाई खिदमतगार उभे केले ते पठाणांमध्ये. ज्या समाजात बदला घेणे हा पिढ्यान्‌पिढ्यांचा इज्जतीचा कायदा होता, त्या समाजात. त्यांनी पठाणांना भित्रे केले नाही. २३ एप्रिल १९३० रोजी पेशावरच्या किस्साख्वानी बाजारात गोळ्या झेलणाऱ्यांना कोण भित्रे म्हणेल? बादशाह खानांनी त्यांची हिंमत काढून घेतली नाही, तिची दिशा बदलली. आणि हे शपथ, कवायत, शाळा आणि खिदमत यांतून, म्हणजे शिकवून घडले. अहिंसा ही जन्मजात मिळत नाही, ती शिकावी लागते. राग येणे स्वाभाविक आहे, पण रागात असताना समोरच्याचे ऐकणे हा कसब आहे.

तर मग शिकवायचे काय? आमच्या मते ऐकणे ही पहिली गोष्ट. बैठकीत एक जण बोलेल तेव्हा दुसरा मध्ये बोलणार नाही, आणि उत्तर देण्याआधी त्याने समोरच्याचे म्हणणे आपल्या शब्दांत सांगून दाखवायचे. एवढ्या एका नियमाने अर्धे भांडण उतरते. दुसरी गोष्ट, माणसावर शिक्का न मारता कृत्याबद्दल बोलणे. 'तू चोर आहेस' असे म्हटले की संवाद संपतो, 'तू बांध सरकवलास आणि माझे इतके नुकसान झाले' असे म्हटले की सुरू होतो. तिसरी, ज्याला इजा झाली त्याला आधी विचारणे, आणि त्याला 'नाही' म्हणायची पूर्ण मुभा देणे. चौथी, ठरलेले कागदावर लिहिणे आणि महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा बसून ते पाळले गेले का हे पाहणे. पाचवी, बैठकीत बायका आणि तरुण असणे. बायकांना पडद्याआडून हुंकार देण्यापुरते बोलवायचे नाही, त्या हकम म्हणून बसल्या पाहिजेत.

आणि कुठे थांबायचे हेही शिकवले पाहिजे. मारहाण होत असलेल्या बाईला तिच्या मारणाऱ्यासमोर बसवून सुलह करायला लावणे हा गुन्हाच समजावा. तिथे आधी तिची सुरक्षितता, आधी कायदा. खून, बलात्कार, लहान मुलांवरचे अत्याचार हे मोहल्ल्यात मिटवायचे विषयच नव्हेत. कायदाही त्यांना तडजोडीची परवानगी देत नाही आणि तेच योग्य आहे. उरलेल्या असंख्य वादांसाठी मात्र वाट मोकळी आहे. २०२३ च्या मध्यस्थी कायद्यात सामुदायिक मध्यस्थीची स्वतंत्र तरतूद केली आहे. दोन्ही बाजूंची आगाऊ संमती आणि तीन मध्यस्थांचे मंडळ हे तिचे सूत्र आहे. संमतीवर दिलेला हा भर आपल्या जमातींनी नीट वाचावा.

पळस्प्याहून गोव्याच्या रस्त्याला लागले की कर्नाळ्याच्या पुढे तारा गाव लागते. १९६१ साली स्थापन झालेल्या युसूफ मेहेरअली सेंटरचे काम तिथे चालते. साबण, घाणीचे तेल, मातीची भांडी, दवाखाना, शाळा. सेंटरचे संस्थापक डॉ. जी. जी. पारीख २ ऑक्टोबर २०२५ रोजी वयाच्या शंभरीत गेले. ज्यांच्या नावाने ते केंद्र आहे ते युसूफ मेहेरअली १९४२ साली मुंबईचे महापौर होते. 'भारत छोडो' हे शब्द त्यांचेच मानले जातात. इंग्रजांशी निःशस्त्र लढलेल्या एका मुसलमान माणसाचे नाव आपल्या दारातल्या रस्त्यावर आहे. आपल्या किती मुलांना ते ठाऊक आहे? आपल्या मकतबात, उर्दू आणि मराठी शाळांत आठवड्यातला एक तास भांडण सोडवायला शिकण्यासाठी द्यावा. दोन मुले भांडली तर दोघांना छडी देण्याऐवजी वर्गात गोल बसवून ते तीन प्रश्न विचारावेत. याला खर्च येत नाही, सरकारी मंजुरी लागत नाही. फक्त उस्तादांना आणि शिक्षकांना थोडा धीर लागतो.

या पट्ट्यात जमिनी अजून जातील, पैसा येईल, वाटण्या होतील. भांडणे होणारच, कारण माणसे आहेत. ती होऊ नयेत अशी आमची दुवा नाही. आमची दुवा एवढीच आहे की पुढच्या वेळी जमात बसेल तेव्हा त्या बहिणीचीही खुर्ची मांडलेली असावी, तिने 'नाही, मला माझा हिस्सा हवा' असे म्हणावे, आणि तरीही माहेरचा दरवाजा तिच्यासाठी उघडा राहावा. तशी सुलह होईल तेव्हा तिला खुशाल सुलह म्हणावे.